कंपनीतलं पाळणाघर : ताई चांगल्या, दुपार कच्ची
हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या पाळणाघराबद्दल. (५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर २०१७ पासून कायद्यानं बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हे एचआर आपणहून सांगेलच असं नाही.)

इथली खरी जमेची बाजू लंगोट बदलताना दिसते. ताई बाळाला मागून उचलत नाहीत. समोर बसतात, हात पुढे करतात, ‘उचलू का?’ म्हणतात आणि दोन-तीन सेकंद थांबतात. बाळ अंग सैल सोडतं किंवा हात वर करतं, मगच उचलणं. बुडापेस्टच्या डॉ. एमी पिक्लर यांनी १९४६ पासून तिथल्या बालगृहात रुजवलेली ही रीत. वेळ जास्त लागतो, पण झटापट कमी होते.

रुळवणंही नीट : पहिले तीन दिवस आई खोलीतच, चौथ्या दिवशी १५ मिनिटं बाहेर. डोळा चुकवून पळायला सक्त मनाई, कारण मग बाळ दारावरची नजरच हलवत नाही. घरचं वापरलेलं, न धुतलेलं दुपटं मात्र आठवणीनं द्या. ओळखीचा वास लागतो.

दुपारी सगळी घडी विस्कटते. एकच्या ठोक्याला सगळ्यांना झोपवतात. आठ महिन्यांचं बाळ साडेअकरालाच पेंगुळतं, कान ओढतं. त्याला एकपर्यंत ताणलं की ते रडून बेजार. त्यात तीनला ताईंची शिफ्ट बदलते, नेमकी मुलं उठायच्या वेळी. डोळे उघडले तर समोर परका चेहरा!

दीड वर्षापुढच्या मुलांना बिनधास्त घाला. त्याहून लहान असेल तर झोपेची वेळ आधी लेखी ठरवून घ्या.