कमी सामानाची बेडरूम: लाकडी पलंग, लेटेक्सची गादी आणि दोन चादरी, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पलंग पाचपैकी पाच, गादी साडेचार, चादरी चार. ब्रँडची नावं टाकत नाहीये कारण अशा वस्तू बरेच जण बनवतात, आणि मला सांगायचंय ते घ्यायच्या आधी काय तपासायचं ते. पण एक वाक्य लक्षात ठेवा: जी वस्तू उघडता येते आणि जिचा खराब झालेला भाग तेवढाच बदलता येतो ती घ्या, बाकी शक्यतो घेऊच नका.

बेडरूम नव्याने लावायची म्हटलं की दुकानात पहिल्यांदा काय दाखवतात, तर ‘सेट’. पलंग, दोन साइड टेबलं, ड्रेसिंग टेबल, वॉर्डरोब, सगळं एकाच रंगाच्या लॅमिनेटमध्ये. आणि सेटची गंमत अशी की एक घेतलं की बाकीचं आपोआप हवंसं वाटायला लागतं, मग जुनं चांगलं कपाट पण खुपायला लागतं. आम्ही ठरवलं की झोपताना अंगाला जे लागतं त्यावरच पैसे घालायचे, म्हणजे गादी, चादर, उशी आणि हे सगळं पेलणारा पलंग. बाकी काही लगेच आणायचं नाही, राहून बघायचं, खरंच अडलं तर आणायचं.

आता पलंग. साधा सॉलिड वुडचा, चार पाय, दोन बाजूच्या पट्ट्या, मध्ये आडव्या फळ्या, बस. खाली स्टोरेज नाही, डोक्याशी कुशनवालं हेडबोर्ड नाही. घरात सगळ्यांनी विचारलं की स्टोरेज का नाही घेतलं, तर त्याची दोन कारणं. एक म्हणजे पलंगाखाली पेटी असली की ती भरतेच, आणि त्यात जे जातं ते पुन्हा वर्षभर कोणी बघत नाही. दुसरं म्हणजे बंद पेटीवर गादीला खालून हवा लागत नाही, झोपेत आपल्याला घाम येतो तो ओलावा खाली जाऊन अडकतो आणि गादीच्या पोटाला बुरशी धरायची शक्यता वाढते. फळ्यांच्या फटीतून हवा खेळते. फक्त फटी फार मोठ्या नकोत, लेटेक्सची गादी ठेवणार असाल तर दोन फळ्यांमध्ये सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर गादी त्यात रुतायला लागते.

बोर्डाचं फर्निचर का नाही हे जरा सविस्तर सांगते कारण या विषयावर एकतर फार भीती पसरवली जाते नाहीतर एकदम दुर्लक्ष होतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा, चुरा आणि गोंद. हा गोंद बऱ्याचदा युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. नवीन असताना जास्त, मग कमी कमी होत जातो, पण उष्णता आणि दमटपणा वाढला की पुन्हा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून घरातला बोर्ड उचलून फेकून द्यायचा असं नाही हं, जुना झालेला बोर्ड आता फारसं काही सोडत नसतो, उलट तो वापरत राहणंच शहाणपणाचं. नवीन घ्यावाच लागला तर उत्सर्जन कमी असल्याचा ग्रेड विचारा, आणि पहिले काही आठवडे खोलीची खिडकी उघडी ठेवा.

पण माझी बोर्डावरची खरी तक्रार वासाची नाही, स्क्रूची आहे. बोर्डात एकदा बसवलेला स्क्रू काढून परत लावला की पकड सैल होते, दोनदा घर बदललं की कपाट डुलायला लागतं, आणि कडेला पाणी लागलं की तिथे फुगतं ते पुन्हा बसत नाही. सॉलिड लाकडात बोल्ट आणि आडवा नट बसवलेला असतो, एका षटकोनी चावीने अख्खा पलंग उघडतो. आमचा एकदा पूर्ण सुटा करून दुसऱ्या घरात परत जोडला, बोल्ट आवळले, आजवर कुरकूर नाही. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना उठताना उंची कमी वाटत होती, तर सुताराने पायांखाली लाकडाचेच ठोकळे जोडून दिले, काम झालं. बोर्डाच्या पेटीवाल्या पलंगाला हे जमलं नसतं.

फिनिश पण विचारून घ्या. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचं पॉलिश दिसायला छान पण ओरखडा पडला की अख्खा भाग घासून पुन्हा मारावा लागतो. आम्ही तेल-मेणाचं फिनिश घेतलं, ओरखडा पडला तिथेच हलकं घासून फडक्याने थोडं तेल लावलं की मिसळून जातं. एक धोक्याची गोष्ट मात्र आवर्जून सांगते, जवसाच्या तेलाचं फडकं काम झाल्यावर चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते तेल हवेत वाळताना गरम होतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड कुठून आलं हे विचारताना एफएससीचा शिक्का बघा, जंगलं नीट सांभाळून तोड करणाऱ्यांसाठी १९९३ साली सुरू झालेली ही संस्था आहे, आणि ‘एफएससी १००%’ (सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं) व ‘एफएससी मिक्स’ (त्यात इतर लाकूडही मिसळलेलं) हे वेगवेगळे असतात तेवढं लक्षात ठेवा. जुना सॉलिड पलंग कोणाकडे पडून असेल तर शिक्का वगैरे काही बघत बसू नका, घेऊन टाका, तोच सगळ्यात चांगला.

गादी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि लिहिणार पण यावरच जास्त.

मेमरी फोम तुम्हाला माहीत असेलच, १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या सीटकरता तयार झालेला. दाब छान पसरवतो, वाद नाही, पण तो पॉलियुरेथेन म्हणजे खनिज तेलापासून बनलेला फोम, काहींना त्यावर गरम होतं, आणि आतले थर एकमेकांना गोंदाने चिकटवलेले असतात. म्हणजे वरचा दोन इंचाचा थर बसला की खालचा धडधाकट भाग पण कचऱ्यात. मला हेच नको होतं.

आम्ही घेतली ती लेटेक्सची, तीन थरांची, बाहेरून चेनवालं कॉटनचं कव्हर. चेन उघडली की तिन्ही थर सुटे निघतात. कडक थर वर घ्यायचा की मऊ हे आपण ठरवायचं, पाठ दुखली तर क्रम बदलून बघायचा. मी आधी मऊ वर ठेवला होता, कंबर खाली जातेय असं वाटलं, मध्यम वर घेतला आणि तेव्हापासून हात लावला नाही. एक थर खराब झाला तर तेवढाच मागवता येतो.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो फेसून, साच्यात घालून, तापवून घट्ट करतात. डनलॉप पद्धत १९२९ पासूनची, त्यात जड भाग थोडा खाली बसतो म्हणून खालची बाजू जास्त घट्ट लागते. तालाले पद्धतीत साच्यात निर्वात करून मग गोठवतात, त्यामुळे मऊपणा सगळीकडे सारखा येतो पण ऊर्जा जास्त लागते. मी डनलॉप घेतली, टिकाऊ आहे आणि बनवायला कमी खटाटोप. इथे फसगत कुठे होते, तर ‘नॅचरल लेटेक्स’ लिहिलेल्या गादीत पेट्रोलियमपासून बनलेला सिंथेटिक रबर मिसळलेला असू शकतो. किती टक्के हे सरळ विचारा. जीओएलएस नावाचं सर्टिफिकेट असेल तर त्यातलं किमान ९५% लेटेक्स ऑर्गॅनिक असावं लागतं.

वापरून काय वाटलं? पहिले काही दिवस रबराचा वास येतो, गोडसर, नंतर जातो. उसळी आहे, म्हणजे कूस बदलताना रुतल्यासारखं होत नाही. शेजारचा हलला तर मेमरी फोमपेक्षा थोडं जास्त जाणवतं. उकाड्यात बरी. दोनेक वर्षांत मध्ये खड्डा नाही. पण जड, प्रचंड जड, एकट्याने उलटायचा विचार सोडा, एकेक थर काढून फिरवावा लागतो. आणि गादीला ऊन द्यायची सवय असेल तर ही गादी त्यातली नाही, सूर्यप्रकाशाने लेटेक्स ठिसूळ होतं, चुरा पडायला लागतो. सावलीत हवा द्या. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

अर्धा स्टार कापला तो गादीसाठी नाही, सर्व्हिससाठी. कव्हरची चेन तुटली. कस्टमर केअरला फोन केला तर पहिलं उत्तर आलं की नवीन मॉडेल आलंय, एक्स्चेंजमध्ये पूर्ण गादीच घ्या. अहो, जी गादी थर बदलता येतात म्हणून विकली तिची चेन तुटल्यावर पूर्ण गादी? दोन-तीनदा ईमेल केल्यावर नुसतं कव्हर पाठवलं, तेही चांगल्या शिलाईचं. पण वेबसाइटवर सुटे भाग दिसतच नाहीत, मागून मागून मिळतात, हे बरोबर नाही. माझं मत असं की सुटा भाग सहज मिळत नसेल तर ‘दुरुस्त करता येणारी’ असं लिहायचा कंपनीला अधिकार नाही.

चादरी दोनच घेतल्या. एक पलंगावर, एक धुवायला. कापूस पिकवायला पाणी किती लागतं ते बघा, जगाची सरासरी काढली तर एक किलो कापसाच्या कापडामागे साधारण दहा हजार लिटर. त्यामुळे सहा चादरींचा ऑफर पॅक ऑर्गॅनिक असला तरी तो मला पर्यावरणासाठी केलेला वाटत नाही.

थ्रेड काउंटच्या मागे लागू नका. एका चौरस इंचातले उभे आडवे धागे मोजून तो आकडा येतो, आणि एकेरी चांगल्या धाग्यात तो दोनशे ते चारशेच्या आसपासच राहतो. हजार लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा पिळलेल्या धाग्यातले पदर वेगवेगळे मोजलेले असतात. त्यापेक्षा विणीकडे बघा. पर्केल म्हणजे एक वर एक खाली, कोरडी, थंड, कडक इस्त्रीसारखी. सॅटीन म्हणजे धागा चारवरून जाऊन एकाखाली, मऊ, चमकदार, पण लवकर अडकते आणि झिजते. आम्ही पर्केल घेतली. सुरुवातीला खरखरीत वाटली, धुवून धुवून सुंदर झालीये. सुरकुत्या पडतात म्हणून एक स्टार कमी, मी इस्त्री करत नाही, पण सगळ्यांना आवडेल असं नाही. पॉलिस्टर मिक्स घेतलं असतं तर सुरकुत्या नसत्या, पण त्यावर गोळे येतात आणि प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात.

लेबलचं थोडक्यात. जीओटीएस या ऑर्गॅनिक कापडाच्या सर्टिफिकेटमध्ये ‘ऑर्गॅनिक’ लिहायला किमान ९५% ऑर्गॅनिक धागा लागतो, ‘मेड विथ ऑर्गॅनिक’ असेल तर ७०%. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे सर्टिफिकेट वेगळं, ते तयार कापडात घातक रसायनं आहेत का एवढं तपासतं, कापूस कसा पिकवला हे सांगत नाही. आणि बांबूच्या चादरी! त्यातल्या बहुतेक व्हिस्कोस असतात, बांबूचा लगदा कडक रसायनांत विरघळवून केलेला धागा. अमेरिकेत व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणून आणि पर्यावरणपूरक म्हणून विकल्याबद्दल २०२२ साली वॉलमार्ट आणि कोल्स या मोठ्या दुकान-साखळ्यांनी मिळून ५५ लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं होतं. त्यामुळे पॅकेटवर हिरवं पान दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका.

चादर मध्ये विरली की टाकायची नाही. मधोमध उभी कापायची, कडेच्या दोन्ही चांगल्या बाजू मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेल्या बाजू कडेला दुमडून शिवायच्या. मध्ये शिवण येते, पण सपाट घातली तर टोचत नाही, आणि चादर अजून बरीच वर्षं चालते.

काय नाही घेतलं: साइड टेबल नाही, घरातलंच स्टूल आहे. ड्रेसिंग टेबल नाही. गालिचा नाही, सजावटीच्या उशा नाहीत. जुन्या कपाटाच्या बिजागऱ्या बदलल्या, दार आता नीट लागतं. दिव्यात २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी बल्ब टाकला, दिवा जुनाच. हवा शुद्ध करायला म्हणून झाडंही आणली नाहीत. झाडं हवा शुद्ध करतात असं सांगताना ज्याचा दाखला देतात तो नासाचा १९८९ चा अभ्यास बंद छोट्या पेटीतला होता, २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब निघाला की खिडकी उघडण्याइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाड आवडतं म्हणून ठेवा ना, जरूर ठेवा, पण हवेसाठी खिडकी उघडा.

हे सगळ्यांना लागू पडेल असं मात्र नाही. घर खरंच लहान असेल, पांघरुणं ठेवायला दुसरी जागाच नसेल, तर स्टोरेजवाला पलंग घ्या, फक्त त्याच्या फळीला हवेसाठी भोकं आहेत का बघा. दर वर्षी भाड्याचं घर बदलत असाल तर एवढी जड गादी त्रास देईल. आणि आत्ताची गादी मध्ये बसलेली नसेल, सकाळी अंग दुखत नसेल, तर यातलं काहीच घेऊ नका, नुसतं कव्हर धुवून टाका.

घ्यायचीच ठरली तर ऑर्डरच्या आधी दुकानाला लेखी विचारा: एक थर किंवा नुसतं कव्हर वेगळं मिळेल का, लेटेक्समध्ये सिंथेटिक किती टक्के, आणि वॉरंटीत किती खोल खड्डा पडला तर धरतात. खड्ड्याचं उत्तर सेंटिमीटरमध्ये मागा, कारण ‘नॉर्मल वापर’ असं मोघम लिहिलेलं असलं की नंतर वाद होतो. डाग पडला की वॉरंटी संपते असंही बरेच ठिकाणी असतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वर धुता येणारं कॉटनचं कव्हर घाला आणि बिलासोबत ती ईमेलची उत्तरं पण जपून ठेवा.