क्लाइंबरचा खालचा भाग आणि सॅडल: आवाज कमी करण्याचे प्रयोग, हंगामभर वापरून

जुलैमध्ये गॅरेजमध्ये सुरू केलेलं काम सप्टेंबर ते जानेवारी, म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या धनुष्यबाणानं हरणाच्या शिकारीच्या अख्ख्या हंगामात वापरून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्यापैकी जे अमेरिकेत येऊन या वाटेला लागतात त्यांना सगळं मोठेपणी, पहिल्यापासून शिकावं लागतं. झाडावर चढणं, गाठी, दोर, वारा, सगळंच. ओळखीतले दोन-चार मराठी शिकारी हाच प्रश्न विचारतात की क्लाइंबरचा आवाज कसा कमी केलास. हे त्यांच्यासाठी.

क्लाइंबर म्हणजे दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं मचाण. वरच्या तुकड्यावर बसायचं, खालच्यावर उभं राहायचं. दोन्हींना मागून केबल असते, ती खोडाला वळसा घालून पिनेनं अडकवायची. वरच्यावर बसलं की खालचा पायांनी वर ओढायचा, खालच्यावर उभं राहिलं की वरचा हातांनी उचलायचा, असं सुरवंटासारखं वर जायचं. माझ्या स्टँडचं पूर्ण वजन साधारण ९ किलो. सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायची कापडी झोळी. तिच्या समोरचा दोर, म्हणजे ब्रिज, झाडाला बांधलेल्या दोराला, म्हणजे टेदरला, जोडलेला असतो आणि तुम्ही झाडाकडे तोंड करून त्यावर रेलून बसता.

मी क्लाइंबरचा वरचा भाग घरीच ठेवला. त्याचं काम सॅडल करते. सॅडलमध्ये बसलं की पायांवरचा भार जातो. मग बुटांत अडकवलेला प्लॅटफॉर्म किंचित तिरका करून वर ओढायचा, टाचा दाबून त्याचे दात सालीत बसवायचे, उभं राहायचं, टेदर वर सरकवायचा आणि पुन्हा बसायचं. टेदर सरकवताना तो क्षणभर सैल होतो, म्हणून लाइनमनचा पट्टा, म्हणजे कमरेपासून खोडाला वळसा घालणारा आधाराचा दुसरा दोर, पूर्ण चढणीत खोडाभोवती असतोच. प्लॅटफॉर्म पायांतून निसटून खाली जाऊ नये म्हणून त्याला एक दोरी बांधून ती सॅडलला जोडलेली असते.

आधीच स्पष्ट सांगते. कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही भाग एकत्र वापरा असंच लिहिलेलं असतं. एकटा खालचा भाग वापरणं त्या सूचनांच्या बाहेरचं आहे. म्हणून जीव टेदरवर आहे, प्लॅटफॉर्मवर नाही, असं धरूनच मी चढते, आणि टेदरमध्ये ढील ठेवत नाही. उन्हाळाभर मी हे गुडघ्याइतक्या उंचीवर केलं, मग डोक्याइतक्या, आणि हात न बघता चालायला लागल्यावरच वर गेले. दिवसा सरावाची चढण आणि पहाटेच्या अंधारातली, गार पडलेल्या बोटांनी केलेली चढण यांत फार फरक असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मी दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये, बहुतेक वेळा केटल मोरेनच्या सरकारी जंगलात जाते. महामार्ग ६४ च्या दक्षिणेला राज्याच्या जमिनीवर मचाण रात्रभर ठेवता येत नाही, रोज काढून आणावं लागतं. झाडाला इजा होईल असं काही ठोकायचं नाही. म्हणजे दर वेळी अंधारात चढायचं आणि अंधारात उतरायचं, तेही बहुधा हरणांच्या बसायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. कायमचं मचाण ऑगस्टमध्ये बांधून ठेवणाऱ्याला आवाजाची चिंता एकदाच असते. आमच्यासारख्यांना ती रोज दोनदा असते.

जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हाइटटेल हरणाची श्रवणशक्ती मोजली तेव्हा ती साधारण २५० हर्ट्‌झपासून ३० किलोहर्ट्‌झपर्यंत भरली, आणि सगळ्यांत तीक्ष्ण ४ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. सालीत दात रुतल्याचा खरखरीत, बोजड आवाज हरणांना फारसा खटकत नाही. जंगलात फांद्या मोडतात, खारी साल खरवडतात. पण धातूवर धातू लागल्याची उंच सुरातली टिणकी त्यांना लगेच वेगळी कळते. शांत, गोठलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांब जातो. त्यामुळे सगळा आवाज मारण्याच्या मागे न लागता मी फक्त धातूची टिणकी आणि सांध्यांची कुरकुर यांच्या मागे लागले.

त्यासाठी गॅरेजमधले दिवे बंद करून, एकेक भाग हलवून ऐकत बसले. माझ्या प्लॅटफॉर्मवर आवाजाच्या मुख्य जागा अशा निघाल्या: केबलचं मोकळं शेपूट नळीवर आपटणं, पिनेची कडी, घडी होणाऱ्या हातांचे बोल्ट, बुटांच्या पट्ट्यांचं बकल, आणि बुटाचा तळ प्लॅटफॉर्मच्या धातूच्या पट्ट्यांवर घासणं. मधली मोकळी नळी नुसती टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची.

नळीसाठी बरेच जण फवारून फुगणारा फोम आत भरतात. मी तो मुद्दाम टाळला आणि कोणालाही सुचवणार नाही. नळ्यांना पाणी निचरायची भोकं असतात, ती बुजतात. आत अडकलेलं पाणी नोव्हेंबरात गोठतं आणि फुगतं. शिवाय वेल्डपाशी आतून काय चाललंय ते तपासायची सोय जाते. त्याऐवजी खिडक्या-दारांच्या फटीत भरायची फोमची दोरी दोन्ही टोकांतून सैलसर ओढून घातली, भोकं उघडी ठेवून. नाद पूर्ण मरत नाही, पण टण्‌चं थप् होतं, आणि तेवढं पुरतं.

बाहेरून काय गुंडाळायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आईस हॉकीच्या काठ्यांना लावतात ती कापडी टेप सुरुवातीला फार छान वाटते. ऑक्टोबरच्या पावसात ती पाणी पिते, आणि पहिल्या कडक थंडीत तिची कडक पापडी होऊन तीच करकरते. चिकटणाऱ्या, कापडी पाठीच्या रबरी पट्ट्या महाग पडतात, पण टिकल्या त्याच. अट एकच: ॲल्युमिनियम आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पट्ट्या उबदार दिवशी लावा आणि एक रात्र तशाच राहू द्या. थंडीत घाईनं लावलेल्या पट्ट्यांची टोकं आठवड्याभरात उचलली जातात. टोकांवर मी पॅराकॉर्ड, म्हणजे बारीक नायलॉनची दोरी, घट्ट गुंडाळून गाठ मारली. आता जानेवारीअखेरही एकही सुटलेली नाही.

सायकलची जुनी ट्यूब उभी कापून बुटाखालच्या पट्ट्यांवर आणि मांडीला लागणाऱ्या कडांवर लावली. पकड उत्तम, आवाज शून्य. रबराचा वास मात्र नवीन असताना उग्र येतो. मी ट्यूब आधी धुऊन, अंगणात बरेच दिवस वाऱ्यावर टाकली होती. गालिच्याचा तुकडा हा जुना उपाय आमच्या शेजारच्या आजोबांनी सुचवला होता. ते चाळीसेक वर्षं शिकार करताहेत आणि त्यांच्या कायमच्या मचाणावर तो मस्त चालतो. पण रोज खांद्यावर वाहायच्या स्टँडला तो चालत नाही. ओला झाला की जड होतो, गोठला की घसरडा होतो. प्लास्टिकचे झिप टाय कुठेही वापरू नका. शून्याखाली ते तडकतात, आणि कापलेलं टोक हातमोज्याला आणि सॅडलच्या कापडाला ओरबाडतं.

सांध्यांत नायलॉनचे वॉशर घातले. हे काम दिसायला सोपं आहे, पण वॉशरची जाडी बोल्टच्या लांबीतून जाते. लॉकनट पूर्ण बसून बाहेर किमान दोन आटे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर वॉशर पातळ घ्या. कंपनीचा पोलादी वॉशर काढून त्याजागी नायलॉन घालणं तर मुळीच नको. केबलच्या मोकळ्या शेपटावर हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढवली, पिनेची धातूची कडी काढून तिथे दोरी बांधली. पिनेच्या अंगाला, केबलच्या भार पेलणाऱ्या भागाला आणि दातांना मी हात लावलेला नाही. केबलऐवजी हलकी कृत्रिम दोरी लावणारे लोक आहेत. ती दोरी ओढीला पोलादाइतकी जबर असते हे खरं, पण तीच साल आणि धातूच्या कडेमध्ये दर पावलाला घासली जाते, आणि पॉलिएथिलिनच्या धाग्याला धारदार कड आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. तिथे शांततेसाठी ताकद द्यायची नाही, हे माझं ठाम मत आहे. भोक पाडणं आणि वेल्डिंगही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लाइंबरचा प्लॅटफॉर्म खोडाला तरफेनं धरून राहतो. भार बाहेरच्या टोकाकडे असला की मागची केबल आणि पुढचे दात एकमेकांविरुद्ध आवळले जातात. सॅडलमध्ये मात्र शरीराचा बराचसा भार टेदरवर असतो, पाय आत खोडाकडे रेटतात, कधी गुडघेच खोडाला टेकलेले असतात. म्हणजे प्लॅटफॉर्मवरची पकड सैल होते. त्यातून आधी कुरकुर येते, कारण दात सालीत किंचित हलतात, आणि पुढे प्लॅटफॉर्म सरकूही शकतो. माझ्यासारख्या कमी वजनाच्या माणसाला हे जास्त जाणवतं. उपाय म्हणजे उंचीवर पोहोचल्यावर प्लॅटफॉर्मच्या खोडाकडच्या भागावरून खोडाला एक कॅम-बकलचा, म्हणजे नुसता ओढून आवळायचा, पट्टा घट्ट आवळायचा. रॅचेटचा, म्हणजे दातेरी चाकानं आवळायचा, नको, त्याची टिकटिक रानभर ऐकू जाते. हा पट्टा लावायला लागल्यापासून बसल्याजागची कुरकुर जवळजवळ गेली. टेपा आणि पट्ट्यांनी जेवढा फरक पडला त्याहून जास्त या एका पट्ट्यानं पडला.

तळाशी केबल अडकवताना प्लॅटफॉर्मचं खोडापासून लांबचं टोक थोडं वर उचललेलं ठेवावं. खोड वर निमुळतं होत जातं, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत तो आपोआप सपाट होतो. झाडाच्या बारीकपणाचा हा अंदाज आला की उंचीवर केबल सोडून पुन्हा पिन लावायची वेळ येत नाही. ते टळलं की आवाज आणि धोका, दोन्ही टळतात.

सॅडलच्या बाजूला काम थोडकं होतं. टेदरवर दोर पकडणाऱ्या धातूच्या ॲसेंडरऐवजी प्रुसिक गाठ (सैल असताना सरकणारी, भार पडला की आवळणारी), कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारे धातूचे हुक, दोन एका कडीत न लटकवणं, पाऊचच्या वेल्क्रोवर कापडाचा तुकडा शिवणं. गोठलेल्या ओल्या दोरावर प्रुसिक सरकवायला हट्टी होते, तेव्हा ॲसेंडरची आठवण येते. दोर कोरडे ठेवले तर निभतं.

झाडांचं म्हणाल तर पांढरा ओक आणि बासवुड मला सगळ्यांत शांत वाटले. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे लांब पापुद्रे सुटे लोंबत असतात, प्लॅटफॉर्म लागला की ते कडाकड तुटतात. तिथे कोणताही टेप उपयोगाचा नाही, दुसरं झाड शोधायचं. ॲस्पेनची गुळगुळीत साल गोठली की दातांना धड धरत नाही, त्या झाडावर मी चढत नाही. आणि ही सगळी पद्धतच सरळ, खालून फांद्या नसलेल्या खोडाची आहे. सरकारी जमिनीवर मचाणासाठी फांद्या छाटता येत नाहीत, त्यामुळे जागा उत्तम आणि झाड वाकडं अशी वेळ पुष्कळदा येते. तिथे काठ्या, म्हणजे क्लाइंबिंग स्टिक घेऊन जाणारे सॅडलवाले माझ्यापुढे आहेत हे मान्य करायला हवं.

फरक पडला का? पडला. आधीच्या हंगामात पूर्ण क्लाइंबरनं चढताना अंधारातून सावध झालेल्या हरणाचा फुत्कार आणि पाय आपटल्याचा आवाज येणं नेहमीचं होतं. या वर्षी तो क्वचित आला, आणि आला तेव्हा बहुतेक वारा चुकलेला होता, म्हणजे माझा वास हरणाकडे जात होता. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माजाच्या दिवसांत, एक मादी मी अर्ध्या झाडावर असताना खालून चालत गेली. मी सॅडलमध्ये स्थिर बसून राहिले, तिनं मान वर केली नाही. डिसेंबरात उणे पंधराच्या आसपास मात्र सगळंच बोलकं होतं. रबर कडक होतं, बूट करकरतात, साल काचेसारखी तडकते. त्या दिवसांत मी तासभर लवकर निघते आणि दर टप्प्याला थांबत थांबत चढते.

पाठीवरचं ओझं कमी झालं हा दुसरा मोठा फायदा. अर्धा क्लाइंबर, सॅडल आणि दोर मिळून आधीच्या पूर्ण स्टँडपेक्षा दीड-दोन किलो कमी भरतं. शिवाय पाठीवर चपटं बसत असल्यानं झुडपांत अडकत नाही. तोटा म्हणजे वेळ. पूर्ण क्लाइंबरला लागायचा त्याच्या जवळजवळ दीडपट वेळ लागतो, आणि पोटाच्या स्नायूंना चांगलाच ताण पडतो. गुडघा किंवा कंबर दुखरी असेल तर हा मार्ग नको.

हंगाम संपल्यावर सगळ्या पट्ट्या काढून नळ्या, वेल्ड आणि केबल उजेडात तपासल्या. आच्छादनाखाली बारीक तडा लपू शकतो, म्हणून हे दर वर्षी करायचंच असं ठरवलं आहे. केबलचं रबर एका जागी खरवडलं आहे, ती केबल कंपनीकडून नवी मागवली. ब्रिजचा दोर आणि टेदर उन्हात फिके पडले आहेत, तेही बदलणार. पट्ट्यांचा नवा संच मे महिन्यात लावेन, हवा उबदार झाल्यावर.