आठ लाखांचं 'नेटिव्ह' ॲप, फ्लाइट मोडमध्ये कोरं

फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय बंद आहे ना, बघा. ॲप फोर्स स्टॉप करा आणि पुन्हा उघडा. पडदा कोरा आला तर ते बहुधा ॲप नाही, चौकटीत बसवलेली वेबसाइट आहे. वीस सेकंदांचं काम आहे. ते आम्ही पैसे देण्याआधी केलं नाही आणि ६,८१,६४० रुपये घालवले. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं करा.

धंदा पुण्याच्या मार्केट यार्डातला, घाऊक किराणा वितरणाचा. अकरा सेल्समन, त्यातले चौघे शहराबाहेर पानशेत, वेल्हे, भोर, मुळशी या लाइनवर. ॲप कशासाठी हवं होतं ते कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं: रेंज नसताना ऑर्डर घेता यावी, रेंज आल्यावर ती आपोआप ऑफिसात पोचावी, दुकानदाराला कमरेच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवरून जागेवर पावती मिळावी, आणि स्टॉक टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जुळावा.

तीन कोटेशनं आली. एकाने वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं, सुचवलं, २,४०,००० अधिक जीएसटी, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की तुमच्या प्रिंटरचं यात जमणार नाही. त्याला आम्ही परत पाठवलं. 'वेबसाइट कशाला, आम्हाला ॲप पाहिजे' हे वाक्य तेव्हा फार रुबाबात म्हटलं होतं. दुसऱ्याची रक्कम आवाक्याबाहेर होती. तिसऱ्याने लिहून दिलं: 'नेटिव्ह अँड्रॉइड (कॉटलिन) व नेटिव्ह आयओएस (स्विफ्ट), दहा आठवडे, ६,८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी.' म्हणजे ८,०८,३००. (नेटिव्ह म्हणजे त्या-त्या फोनसाठीच्या भाषेत लिहिलेलं: अँड्रॉइडला कॉटलिन, आयफोनला स्विफ्ट.) चाळीस टक्के आगाऊ, चाळीस डेमोला, वीस डिलिव्हरीला. वर 'स्टोअर पब्लिशिंग चार्जेस' ३५,००० वेगळे, तेही बिल न देता. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर आणि ॲपलची वर्षाला ९९ डॉलर असते. दोन्ही मिळून दहा-अकरा हजारांच्या आसपास. हे एका मिनिटात शोधता आलं असतं.

त्या कोटेशनमध्येच खोट होती. खरं नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडसाठी एक कोड, आयफोनसाठी दुसरा, आणि दोघांमागे सर्व्हर. टॅलीशी फोन थेट बोलत नाही. टॅलीतली माहिती एक्सएमएल रूपात साधारणपणे ऑफिसातल्या मशीनच्या ९००० पोर्टवर मिळते, ती उचलून पुढे देणारा सर्व्हर मध्ये लागतोच, ॲप कुठल्याही जातीचं असो. तीन माणसं, तीन कामं, दहा आठवडे, आणि टेस्टिंगचा उल्लेखही नाही. कोटेशन घेताना सर्व्हर, अँड्रॉइड आणि आयफोन असे तीन वेगळे आकडे मागा. एकच आकडा देणाऱ्याला विचारा की स्विफ्टचा कोड कोण लिहिणार, आणि त्या माणसाला समोर बसवायला सांगा.

आता तो डेमो. हा भाग लिहिताना अजूनही कान तापतात.

बाणेरचं ऑफिस, त्यांचं वायफाय, त्यांचाच फोन. पहिली खूण: एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर पांढरं फटक व्हायचं आणि वर बारीक निळी रेघ सरकायची. दुसरी खूण त्याने स्वतःच बढाई म्हणून दाखवली. आम्ही म्हटलं, ऑर्डरमध्ये 'स्कीम'चा रकाना हवा. त्याच्या पोराने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि अपडेट न करता रकाना फोनवर हजर! आम्ही खूष. कॉटलिनमध्ये लिहिलेल्या पडद्यावर नवा रकाना असा हवेतून येत नसतो. नवी आवृत्ती बांधावी लागते आणि फोनवर चढवावी लागते. काही मोठ्या ॲपमध्ये पडद्याची रचना सर्व्हरवरून येते हे खरं, पण ती मुद्दाम, महिनोन्महिने खपून केलेली व्यवस्था असते. तीन माणसांच्या दुकानात दोन मिनिटांत रकाना आला तर समोर वेबपेज आहे.

आणि तिसरी खूण. बटणावर बोट जरा जास्त वेळ राहिलं तर 'ऑर्डर जतन करा' ही अक्षरं निळी झाली, दोन्ही बाजूंना ते थेंबासारखे दांडे आले आणि वर पट्टी: कॉपी, शेअर, सिलेक्ट ऑल. नेटिव्ह बटणावरची अक्षरं अशी निवडता येत नाहीत. वेबपेजवरची येतात. हे डोळ्यांनी पाहिलं, विचारलंसुद्धा. 'बीटा आहे सर, फायनलला जाईल.' आणि त्याच संध्याकाळी ३,२३,३२० चा दुसरा हप्ता एनईएफटीने गेला. बीटा! कुणी म्हणेल एवढं समोर दिसत असताना पैसे कसे दिले. सीझन तोंडावर होता, जुनी डायरी-पद्धत मोडायला निघालो होतो, आणि करारात 'नेटिव्ह' हा शब्द पांढऱ्यावर काळा होता. सही-शिक्क्यानिशी लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणं हा मूर्खपणा असेल तर धंदाच बंद करायला हवा.

डिलिव्हरीनंतर पहिल्याच मंगळवारी पानशेतच्या पुढे ॲपने 'वेबपेज नॉट अव्हेलेबल' असा पडदा दाखवला. सोळा दुकानांच्या ऑर्डरी टाइप केल्या, जतन झाल्या असं वाटलं, आणि सगळ्या गेल्या. प्रिंटर जोडलाच जाईना.

मग एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, फोडली. हे कुणालाही जमतं. एपीके ही मुळात झिप फाइल असते. कॉम्प्युटरवर घ्या, नावाचं शेपूट बदलून झिप करा, उघडा. 'लिब' फोल्डरमध्ये 'लिबफ्लटर' नावाची फाइल असेल तर ॲप फ्लटर या साधनाने बनवलेलं आहे. 'असेट्स'मध्ये 'इंडेक्स.अँड्रॉइड.बंडल' असेल तर रिॲक्ट नेटिव्ह या साधनाने. 'असेट्स'मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' किंवा 'पब्लिक' फोल्डर आणि आत एचटीएमएल असेल तर कॉर्डोव्हा किंवा कपॅसिटर: पानं वेबची, पण निदान फोनमध्ये ठेवलेली. आमच्यात यातलं काहीच नव्हतं. 'असेट्स' रिकामं, फाइल ३.८ एमबीची. जॅडएक्स या फुकट साधनात कोड उघडला तर 'लोडयूआरएल' अशी एकच ओळ आणि पुढे त्यांच्या सर्व्हरचा पत्ता. एक वेबसाइट, तिला चौकट, चौकटीवर आमचा लोगो.

डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'शो लेआउट बाउंड्स' चालू करूनही अंदाज येतो (बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की तो मेनू उघडतो). नेटिव्हमध्ये प्रत्येक बटणाभोवती वेगळी चौकट दिसते, वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आत वेबपेज दाखवणारी चौकट) सगळ्या पडद्याला मिळून एकच. पण फ्लटरसुद्धा आपला पडदा स्वतःच रंगवतं, तिथेही एकच मोठी चौकट दिसते. म्हणून या एका चाचणीवर कुणाच्या अंगावर जाऊ नका, आधी एपीके बघा.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह म्हणजे फसवणूक नाही, हेही सांगतो. एका कोडमध्ये दोन्ही फोन होतात, ऑफलाइन होतं, प्रिंटर होतो. आमच्या कामाला तेच बरोबर होतं. वेब ॲपही वाईट नाही. ऑफिसातले स्टॉक, मंजुऱ्या, उधारीचे रिपोर्ट यांना ब्राउझर पुरतो. स्टोअरची कटकट नाही, दुरुस्ती केली की सगळ्यांना लगेच मिळते. वेबवर ऑफलाइनही करता येतं: सर्व्हिस वर्कर पानं फोनमध्ये ठेवतो आणि ऑर्डरी ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यात राहतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये रेंज आल्यावर मागच्या मागे पाठवणंही जमतं. आयफोनच्या सफारीत ते बॅकग्राउंड सिंक नाही, ॲप उघडावंच लागतं. नोटिफिकेशन आयफोनवर वेब ॲपला मिळतं ते आयओएस १६.४ पासून, तेही होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपलाच. सेल्समन कुठे फिरतोय हे फोन खिशात असताना बघायचं असेल तर वेब विसरा.

प्रिंटरचा घोळ वेगळा समजून घ्या, कारण इथेच सगळे गंडतात. ५८ मिलिमीटरचे स्वस्त प्रिंटर बरेचदा जुन्या क्लासिक ब्लूटूथवर चालतात. क्रोमचं वेब ब्लूटूथ फक्त नव्या, लो एनर्जी ब्लूटूथवाल्या उपकरणांशी बोलतं, वेबव्ह्यूमध्ये तेही नाही आणि आयफोनच्या सफारीतही नाही. उलट बारकोडची ब्लूटूथ गन बहुतेक वेळा कीबोर्ड म्हणून जोडली जाते, ती वेबमध्येही मुकाट चालते. 'स्कॅनरसाठी नेटिव्हच लागेल' असं सांगून कुणी दर वाढवत असेल तर गन हातात देऊन म्हणा, ब्राउझरमध्ये चालवून दाखव.

आयफोनचं ॲप चार महिने 'रिव्ह्यूमध्ये अडकलंय' असं ऐकत होतो. ॲपलने ते पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं, नियम ४.२: नुसती वेबसाइट गुंडाळून आणलेलं ॲप चालत नाही. ती मेल त्यांच्या खात्यावर गेली. आम्हाला दिसली ती त्यांच्याच माणसाने चुकून फॉरवर्ड केलेल्या साखळीत. खातं आमच्या नावावर असतं तर मेल आमच्याकडे आली असती आणि भांडं तेव्हाच फुटलं असतं. दोन्ही स्टोअरची खाती स्वतःच्या फर्मच्या नावाने काढा. डी-यू-एन-एस नंबर (फर्मची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो, तो फुकट मिळतो, फक्त वेळ जातो. आमचं अँड्रॉइड ॲप त्यांच्या खात्यात, त्यांच्या पॅकेज नावाने आहे. ते नाव एकदा प्रकाशित झालं की बदलत नाही, आणि खातेबदलाची विनंती त्यांच्याच खात्यातून जावी लागते. करतात कशाला?

सोर्स कोडचंही तेच. पैसे दिले म्हणजे कोड आपला, असं वाटतं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या फर्मने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तीच फर्म, लेखी हस्तांतर नसेल तर. हस्तांतर केलं पण मुदत लिहिली नाही तर कलम १९ ते पाच वर्षांचं धरतं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. करारात 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द घाला.

आता दाद मागण्याचं. पोलीस ठाण्यात अडीच तास बसल्यावर उत्तर: 'हे दिवाणी आहे.' एपीके दाखवली, करारातला 'नेटिव्ह' शब्द दाखवला. साहेबांनी ॲप उघडून बघितलं. 'चालतंय की!' ठाण्यात वायफाय होतं. सायबरला जा म्हणाले. तिथे: पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, मग सायबर कसं? परत पहिल्या ठाण्यात. आता मुद्दा हद्दीचा: त्यांचं ऑफिस बाणेरला, तुमचं मार्केट यार्डात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते, आणि फसवून पैसे काढणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र आहे. हे म्हटल्यावर टेबलामागच्या माणसाने चहा मागवला, स्वतःसाठी. अर्ज घेतला, त्यावर शिक्का मिळाला, त्यानंतर सात खेपा. प्रत्येक खेपेला तपास अधिकारी 'बंदोबस्ताला'. पुण्यात बंदोबस्त कधी नसतो हे कुणी सांगावं. ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलांनी दारातच बंद केला: सेवा व्यापारी कारणासाठी घेतली, २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. व्यावसायिक न्यायालयासाठी तीन लाखांची मर्यादा ओलांडली होती, पण तातडीचा दिलासा मागत नसाल तर आधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी. समोरचा आलाच नाही. न येण्याची शिक्षा काय? काही नाही, तसा अहवाल मिळतो. बिलांमध्ये आम्ही भरलेला ९८,६४० चा जीएसटीही त्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेला नाही. आमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर आपलं क्रेडिट दाखवणारा तक्ता) तो आलाच नाही, क्रेडिट गेलं. प्रत्येक हप्त्यानंतर पुढच्या महिन्यात २बी उघडून बघा, त्याशिवाय पुढचा पैसा सोडू नका.

आणि यावर कळस म्हणजे नोटीस आम्हालाच आली. अडवलेल्या शेवटच्या १,६१,६६० साठी. ते उद्यम-नोंदणीकृत, म्हणजे २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. आमच्या हरकती सगळ्या फोनवर आणि व्हॉइस नोटमध्ये. शिव्यांसकट, पण तोंडी. हे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई परिषदेचा निकाल विरोधात गेला तर आव्हान द्यायलाही आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. डिलिव्हरीच्या दिवशीच, ॲप चांगलं वाटलं तरी, 'तपासणी चालू आहे, स्वीकृती लेखी कळवू' अशी मेल टाका.

चाचण्या करारातच लिहा, आकड्यांसकट: आपल्या फोनवर, फ्लाइट मोडमध्ये पन्नास ऑर्डरी, फोन बंद करून चालू, नेट जोडल्यावर पाच मिनिटांत पन्नासच्या पन्नास सर्व्हरवर, एकही दुबार नाही. आपल्या प्रिंटरवर दहा पावत्या. कोड दर शुक्रवारी आपल्या खात्यातल्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत). दुसरा हप्ता याच्यानंतर.

नोटिशीला उत्तर स्पीड पोस्टाने गेलंय, सोबत एपीकेची सीडी आणि ॲपलच्या त्या मेलची प्रत. वेल्ह्याच्या लाइनवर सध्या कार्बनवालं ऑर्डर बुक चालू आहे.