दल्ला घेताना आधी चोच बघा: अरबी कॉफीच्या भांड्यांचं परीक्षण

आखातातल्या जुन्या बाजारांत दल्ले ओळीनं मांडलेले असतात: रुंद बुडाचे, कमरेला बारीक, वर बाकदार चोच. घेणारे बहुतेक जण नक्षी पाहून निवडतात. नक्षी सगळ्यात शेवटी बघावी. दल्ल्याची खरी परीक्षा कॉफी ओतताना होते, आणि ओतायची रीत ठरलेली आहे.

ओतणारा दल्ला डाव्या हातात धरतो आणि उजव्या हातानं फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, पुढे करतो. सुरुवात मानानं किंवा वयानं मोठ्या पाहुण्यापासून. पेला जेमतेम पाव भरायचा. काठोकाठ भरला तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. पाहुणाही उजव्या हातानंच घेतो. पुरे झालं की तो रिकामा पेला हलवतो. तोवर ओतणारा उभा राहून पुन्हा पुन्हा देत राहतो. बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, रिवाजात पाहुण्यानं न पिता पेला खाली ठेवला, तर त्याला काही मागायचं आहे असं यजमान समजतो. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या देशांच्या या परंपरेची युनेस्कोनं 2015मध्ये नोंद केली, ती औदार्याचं प्रतीक म्हणून.

म्हणजे भांड्याला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: एकट्या डाव्या हातात तोललं जाणं आणि वीस मिलिलीटरवर धार तोडणं. दुकानातच अर्धा दल्ला पाणी भरून ओतून बघा. मनगट सरळ करताच धार थांबली पाहिजे. चोचीखालून थेंब ओघळत असेल तर तो पाहुण्याच्या पांढऱ्या थोबवर, म्हणजे पायघोळ अंगरख्यावर, पडणार, हे नक्की. आठ माणसांना तीन-तीन पेले द्यायचे तरी अर्धा लीटर कॉफी पुरते. त्यामुळे ओतण्यासाठी 700-800 मिलिलीटरचा दल्ला भरपूर झाला. दीड लीटरचा पितळी दल्ला भरल्यावर हात थरथरतो.

पितळी दल्ल्याच्या आत कल्हई हवीच. कॉफी आम्लयुक्त असते, उघड्या पितळेतलं तांबं तिच्यात उतरतं. आत पिवळं दिसलं तर तो शोभेचा समजा. लोहचुंबक चिकटलं तर तो पितळेचा नव्हेच, लोखंडी पत्र्याला मुलामा दिलेला आहे. कल्हईचा दल्ला रिकामा विस्तवावर ठेवू नका. कथील 232 अंशांना वितळतं. स्टीलचा दल्ला निगेला सोपा, पण मूठही धातूचीच असेल तर भाजते.

थर्मास दल्ला आज घरोघरी आहे आणि तो नावं ठेवण्यासारखा नाही. कॉफी कित्येक तास गरम राहते. मात्र त्यात गाळलेलीच कॉफी भरायची. गाळ आत गेला की कॉफी कडवट होत जाते आणि झडप तुंबते. खटक्याच्या झाकणातून धार जाड येते, त्यामुळे पाव पेल्याचा अंदाज हुकतो. बाकदार चोचीचा नमुना मिळाला तर तोच घ्या. काचेचा अस्तर असलेला थर्मास गार असताना उकळती कॉफी ओतली तर काच तडकू शकते. आधी कोमट पाण्यानं विसळा.

कॉफी करायला एक लीटर पाण्याला 40 ग्रॅम फिक्या भाजणीची, जाडसर दळलेली पूड लागते. सौदी अरेबियाच्या नज्द भागात भाजणी इतकी हलकी असते की पेय सोनेरी दिसतं. असे दाणे टणक असतात, पात्याच्या छोट्या ग्राइंडरमध्ये काही भुगा होतात, काही अख्खे राहतात. पूड फार बारीक झाली तर ती खाली बसतच नाही. पाणी उकळलं की पूड घाला, आच मंद करा आणि 10 ते 15 मिनिटं उकळू द्या. हलक्या भाजणीला एवढा वेळ लागतोच. घाई केली की हिरवट, गवतासारखी चव राहते. दल्ला चोचीच्या मुळापर्यंत भरला तर फेस चोचीतूनच उतू जातो, म्हणून मुळाच्या खाली चार बोटं जागा सोडा.

उतरवून पाच मिनिटं निवळू द्या. वरची कॉफी दुसऱ्या दल्ल्यात ओता. त्यात 10 ग्रॅम ताजे कुटलेले वेलदोडे आणि 10-12 काड्या केशर घालून दोन-तीन मिनिटं आचेवर ठेवा, जास्त नको, सुगंध उडून जातो. उकळायचा दल्ला वेगळा, ओतायचा वेगळा, ही जुन्या मजलिसमधली, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतली, पद्धत म्हणूनच योग्य आहे. साखर घालायची नाही. गोडाला सोबत खजूर असतात.

एकच घ्यायचा असेल तर कल्हईचा, 700-800 मिलिलीटरचा पितळी दल्ला घ्या आणि उकळायला साधं पातेलं वापरा. चोचीच्या मुळाशी खजुराच्या झाडाचा काथ्या खोचतात, तो गाळणीचं काम करतो. तो वरचेवर बदला, नाहीतर जुन्या वेलदोड्यांचा खवट वास नव्या कॉफीला लागतो. आतून तारेच्या काथ्यानं घासू नका. तरीही कल्हई झिजते. आत पिवळे डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात कॉफी ओतू नका.