डेमो एकाचा, डबा दुसऱ्याचा: स्वस्त हेडफोनच्या खरेदीत कुठं फसवतात

लातूरला शिकवणीसाठी राहणारी पोरं असोत, नांदेडच्या वजिराबादेत किंवा संभाजीनगरच्या पैठण गेटला दुकानं धुंडाळणारे असोत, मागणी ठरलेली: हजार-दोन हजारात बेस दणकून हवा आणि बोलणं स्वच्छ ऐकू यायला हवं. मागणीत चूक काही नाही. त्या भावात असा माल मिळतो, आणि सरळ धंदा करणारे दुकानदार याच बाजारांत बसलेत. पण काउंटरवर तपासला जातो तो फक्त दणका. बोलणं कोणी तपासत नाही, आणि नकली माल खपतो तो त्याच जोरावर.

प्रकार साधारण असा चालतो. काउंटरवरचा डेमो पीस अस्सल असतो. गाणं दुकानदाराच्या फोनवरचं, बहुधा डीजे रीमिक्स. फोनच्या सेटिंगमध्ये बेस बूस्ट आधीच चालू, आवाज फुल्ल. कानाचा स्वभाव असा की हळू आवाजात त्याला बेस कमी जाणवतो आणि आवाज वाढवला की बेस भरून आल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळं फुल्ल आवाजात कुठलाही हेडफोन भारी वाटतो. गिऱ्हाईक खूश झालं की दुकानदार म्हणतो, "दादा, हा हाताळलेला नका नेऊ, तुम्हाला सीलपॅक देतो." खालच्या कप्प्यातून डबा येतो. वर चकचकीत प्लास्टिक, म्हणजे नवा कोरा, असं गिऱ्हाईक समजतं. ते प्लास्टिक हीट गननं कुठल्याही डब्यावर मिनिटभरात बसवता येतं. डेमो अस्सलचा झाला, घरी गेला तो नकली.

खोलीवर जाऊन लेक्चर लावलं की सरांचा आवाज पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. कारण समजून घेतलं तर तपासणी सोपी जाते. आवाजाची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यावर मोजतात. ढोबळ मानानं 20 ते 250 हर्ट्झ हा बेस आणि 250 ते 4,000 हर्ट्झ हा मधला पट्टा. गाणाऱ्याचा गळा, पेटी, माणसाचं बोलणं यांचा मुख्य भाग इथं असतो. त्यातही 2,000 च्या वरचा भाग अक्षरं वेगळी कळण्यासाठी फार महत्त्वाचा. खरा खोल बेस 40-60 हर्ट्झचा. तो द्यायला ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा पडदा, चुंबक आणि कानाभोवतीची गादी तिन्ही नीट लागतात. नकली मालात यातलं काहीच धड नसतं, म्हणून 100 ते 250 च्या दरम्यान आवाज फुगवतात. घुमतं पुष्कळ, खोली नसते, आणि ती घूम वरच्या आवाजाला झाकून टाकते. त्यामुळं "बेस जास्त आहे म्हणून बोलणं दबतंय" ही दुकानदाराची सबब अर्धीच खरी. खोल बेस असूनही बोलणं मोकळं ऐकू येऊ शकतं. फुगवलेला बेस मात्र ते दाबतोच.

असा पीस उघडून पाहिला की सगळा प्रकार उघडा पडतो. गादी ओढून काढली की आतली जाळी मोठी, चांगली 40 मिलिमीटरची, आणि तिच्यामागं गोंदानं चिकटवलेला ड्रायव्हर त्याहून बराच लहान. ड्रायव्हरच्या मागच्या छिद्रांवर हवा आवरायला जो पातळ कागद किंवा फेल्ट लागतं, ते गायब. कपाच्या तळाशी लोखंडी पट्टी चिकटवलेली, कारण हातात जड लागलं की माल दमदार वाटतो. बॅटरीवर आकडा मोठा छापलेला, बॅटरी अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी. तशी निव्वळ ड्रायव्हरच्या मापावर जाऊ नका. सोनीच्या झेडएक्स 110 मध्ये आणि सीएच 520 मध्ये 30 मिलिमीटरचेच ड्रायव्हर आहेत. डब्यावर 50 मिलिमीटर, 9डी साउंड असलं काही छापलंय म्हणून ते त्यांच्यापुढं जात नाही.

आणखी एक खोड म्हणजे एका बाजूच्या दोन वायरी उलट झाळलेल्या. डावा पडदा पुढं येतो तेव्हा उजवा मागं जातो. बेस पोकळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्हीकडं पसरतो. अशा वेळी "कानाला सवय नाही" असं सांगून वाटेला लावतात. फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. तरीही आवाज मध्यभागी बसला नाही, तर पीस परत.

तपासणी दुकानातच करायची, तीही जो डबा घरी जाणार तो उघडूनच. "सील तोडलं की परत घेणार नाही" म्हणाले तर उठायचं. फोन आपला, इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारी सेटिंग) बंद, आवाज निम्म्यावर. टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं फुकट अॅप घ्या आणि 30 पासून 250 हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. स्वस्तातला पीस 30 ला गप्प बसला तर बसू द्या. 50 च्या आसपास गुळगुळीत हुंकार यायला हवा. खरखर आली तर ड्रायव्हर गेला, आणि 120 च्या पुढं एकदम उसळी आली तर तीच ती घूम. मग तबला-पेटीवरचं भजन लावा. डग्गा घुमतानाही पेटीचा सूर सलग आणि शब्द सुटे ऐकू आले पाहिजेत. शेवटी लेक्चर दीडपट वेगानं लावा, पोरं ऐकतात तसंच. रीमिक्सवर पास झालेले कितीतरी पीस इथं आपटतात. तपासताना दोन्ही कप हातानं हलके दाबा. दाबल्यावर बेस खूप वाढला तर गादी नीट बसत नाही. चष्म्याच्या काडीनंही तसं होतं, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही.

वायरच्या हेडफोनमध्ये गाणं चालू आणि गाणारा गायब, असं झालं तर वायरवरचं माइकचं बटण दाबून धरा. आवाज परत आला तर 3.5 मिलिमीटरच्या पिनचं ग्राउंड लागत नाही. पिन पूर्ण आत ढकलून बघा, दुसऱ्या फोनवर बघा, तरी तेच असेल तर बदलून घ्या. ब्लूटूथवर बोलताना आवाज पातळ होतो, तो दोष नव्हे. माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते. कॉल संपल्यावर गाणं लगेच मूळपदावर आलं पाहिजे. आणि "ईएनसी आहे, बाहेरचा आवाज बंद होतो" यावर पैसे वाढवून देऊ नका. ईएनसी समोरच्याला आपलं बोलणं स्वच्छ जावं म्हणून असतं. आपल्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. पंख्याजवळ उभं राहून ते चालू-बंद करा, घरघर कमी न होता नुसता बेस वाढला तर ते बटण दिखाऊ.

कागदाकडं वळू. वायरलेस हेडफोनवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर-' नं सुरू होणारा आठ अंकी नंबर लागतो. बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं, ते डब्याशी जुळवा. आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर छापलेला हवा. एमआरपी 4,999 आणि भाव 899, एवढी मेहेरबानी दिसली की डबा उलटा करून आधी हेच वाचा. जोडताना फोनवर कंपनीचं चित्र झळकलं म्हणजे माल अस्सल, हाही गैरसमज. नकली चिपही ते दाखवतात. पावतीवर "एस्टिमेट" लिहिलेलं चालत नाही. 27 नं सुरू होणारा पंधरा खुणांचा जीएसटी नंबर आणि पिसाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि पैसे दुकानाच्या नावाच्या यूपीआयवरच टाका. दुकानदार बदलून देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. या दोन्हीकडं पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

"गोदाम खाली करायचंय, 399 ला हेडफोन" अशा मोबाइलवरच्या जाहिरातींचं गणित वेगळं. पार्सल बहुधा पैसे दिल्यावरच उघडता येतं, आत वीस-तीस रुपयांचा इअरफोन निघतो, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा. खरा घाव त्यानंतर बसतो. तक्रारीसाठी नेटवर शोधलेला नंबर त्यांचाच असतो. पलीकडचा गोड बोलून "रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणतो किंवा स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. खात्यातून रक्कम गेलीच तर बँकेच्या शाखेत रांग लावण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते.