चार डिस्कचा नॅस, एक पावसाळा काढल्यानंतर

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं साठवणयंत्र, घरी आला त्याला आता पावसाळा, गणपती आणि दिवाळी उलटून गेली, त्यामुळे नव्याची नवलाई ओसरली आहे. यंत्र चार डिस्कचं: इंटेल सेलेरॉन जे4125 प्रोसेसर, 2 जीबी रॅम, दोन गिगाबिट लॅन पोर्ट, आत 8 टीबीच्या चार डिस्क. आम्ही चिपळूणचे. वडिलांनी गावोगावी जाऊन भरलेल्या नमन-जाखडी या कोकणातल्या लोककलांच्या कॅसेट, नंतरच्या मिनीडीव्ही टेप, घरच्या तीन मोबाइलांतले फोटो आणि मी सध्या करत असलेलं शूटिंग, असा सगळा संग्रह आहे.

जागेचा हिशोब करताना सगळे जुन्या मालाची धास्ती घेतात. खरं तर तो थोडक्यात बसतो. कॅसेट 24 बिट, 96 किलोहर्ट्झला घेतली तर तासाला साधारण 2 जीबी लागते. फ्लॅक, म्हणजे आवाज न बिघडवता दाबलेली फाइल, केली की त्याहून बरीच कमी. मिनीडीव्हीचा एक तास म्हणजे 13 जीबी. वडिलांचा सगळा ठेवा दोन-अडीच टीबीत आटोपला. जागा खातं ते आजचं शूटिंग. 100 एमबीपीएसला 4के घेतलं की तासाला 45 जीबी. नमन पाच तास चाललं आणि दोन कॅमेरे लावले, तर एका रात्रीचे 450 जीबी. शिमग्यात अशा रात्री लागोपाठ येतात. म्हणून आज किती आहे ते बघून डिस्क घेऊ नका. वर्षाला किती भर पडते ते बघा आणि निदान तीन वर्षांचं धरा.

चार डिस्कमधली एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी जाते; एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा यासाठीच्या या रचनेला रेड म्हणतात. उरतात 24 टीबी आणि स्क्रीनवर दिसतात 21.8. काही गहाळ झालेलं नाही: डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, यंत्र 1024 च्या. डिस्क सीएमआर प्रकारच्याच घ्या, म्हणजे ज्यात डेटाचे पट्टे शेजारीशेजारी लिहितात. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे डिस्क बदलून सगळा डेटा पुन्हा उभा करताना काम फार रेंगाळतं. हे खोक्यावर बहुतेकदा नसतं, मॉडेल नंबरवरून तपशीलपत्रकात शोधावं लागतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड तारून नेतो. चारही डिस्क एकाच घरात आहेत याला त्याच्याकडे उत्तर नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी घरांतले अल्बम आणि कॅसेट चिखलात गेल्या. ज्याने ते पाहिलंय तो दुसरी प्रत त्याच घरात ठेवून निवांत झोपू शकत नाही. माझं बजेट ठरलं ते या दुसऱ्या प्रतीपासून. नॅसचं मॉडेल त्यानंतर निवडलं.

ती प्रत पुण्याला ताईकडे आहे, तिच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये एक मोठी डिस्क बसवून. पहिली भरणी इंटरनेटवरून करायच्या फंदात पडू नका. 100 एमबीपीएसच्या (मेगाबिट; म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी) लाइनवरून 10 टीबी चढवायला अखंड नऊ दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. घरच्या लॅनवर सेकंदाला 110 एमबी मिळतात, तेवढंच काम साधारण एका दिवसात होतं. मी डिस्क इथेच भरली, फोमच्या डब्यात घातली आणि एसटीने पुण्याला नेली. आता रात्री फक्त नवीन भर जाते. शिमग्यात मात्र लाइन मागे पडणार, म्हणून त्या दिवसांत तीच डिस्क पुन्हा आणून भरायचं ठरवलंय.

पावसाळ्याचा अनुभव चांगला. वीज गेली की यूपीएस यूएसबीवरून नॅसला कळवतो आणि नॅस शिस्तीत बंद होतो. यूपीएस घेताना ही सोय आहे का, ते आवर्जून विचारा. नॅस बंद लाकडी कपाटात ठेवला तेव्हा डिस्क तापल्या आणि फळ्या घुमायला लागल्या. आता उघड्या मांडणीवर, खाली रबराचा तुकडा घालून ठेवलाय. तापमान चाळिशीच्या आत राहतं. तीस वॅट धरले तर वीज महिन्याला 22 युनिटच्या आसपास.

स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवायची, सोय एकट्यानेच पैसे वसूल करते. भाच्याने मोबाइल मोकळा करायच्या नादात आजीच्या पंच्याहत्तरीचं अख्खं फोल्डर उडवलं होतं. आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून ते दोन मिनिटांत परत आलं. आईला ते कळलंही नाही.

तक्रारी आहेत. 2 जीबी रॅम कमी पडते. फोटोंतले चेहरे ओळखायचं काम सुरू झालं की बाकी सगळं मंदावतं. पहिल्याच दिवशी वाढवून घ्या. दुसरी तक्रार मराठी नावांची. ‘तुऱ्याचा सवाल’ नावाच्या फाइली शोधल्या की निम्म्याच सापडायच्या. यातला ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या प्रकारे लिहिला जातो. कुठे ‘ऱ’ला हलन्त, कुठे ‘र’ला हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, यंत्राला दोन. मी आता फाइलच्या नावात फक्त तारीख आणि गावाचा ठरावीक संक्षेप ठेवतो. मंडळ, शाहीर, जाखडीतल्या दोन पक्षांपैकी शक्तीवाले की तुरेवाले, ही माहिती वेगळ्या तक्त्यात. त्या तक्त्याचीही प्रत पुण्याला जाते. शाहिराचं नाव नसलेली ध्वनिफीत पुढच्या पिढीला फार उपयोगाची नाही, आणि नावं सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरलीत. यंत्र आणायच्या आधी वडिलांच्या शेजारी बसून तक्ता भरायला घेतला, तो अजून चालू आहे.

जागा भरत आली की दोन डिस्क 16 टीबीच्या टाकणार. माझ्या यंत्राची रचना वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क सांभाळून घेते, त्यामुळे दोनच बदलूनही 24 चे 32 टीबी होतात. साध्या रेड 5 मध्ये, म्हणजे रेडच्या नेहमीच्या प्रकारात, चारही बदलल्याशिवाय जागा वाढली नसती. बदलताना एका वेळी एकच डिस्क काढायची, आणि त्याआधी पुण्याची प्रत अद्ययावत आहे ना, ते तपासायचं.