अळ्या मोजाव्यात की रुग्ण?

डास नियंत्रणाने डेंग्यू किती घटला, हे ठरवण्याची जुनी पद्धत अळ्या मोजण्याची आहे. दर 100 घरांमागे अळ्या असलेली किती भांडी सापडली, हे ब्रेटो निर्देशांक सांगतो. ही पाहणी स्वस्त असून पिंप, कुंडी, टायर यांपैकी कशाकडे आधी लक्ष द्यावे, हेही तिच्यातून कळते. परंतु चावते ती प्रौढ मादी, आणि अळ्यांच्या संख्येवरून रुग्णसंख्येचा अंदाज भरवशाने बांधता येत नाही.

दुसरी पद्धत थेट रुग्ण मोजते. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहराचे 24 भाग पाडून, त्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या 12 भागांत वोल्बाकिया जिवाणू असलेले एडिस डास, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या जातीचे डास, सोडण्यात आले. तापाने प्राथमिक दवाखान्यात आलेल्यांची चाचणी करून डेंग्यू असलेले आणि नसलेले रुग्ण कोणत्या भागातले आहेत, याची तुलना झाली. त्यामुळे कोण दवाखान्यात येतो, या फरकाने निष्कर्ष फारसा बिघडत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार हे डास सोडलेल्या भागांत इतर भागांच्या तुलनेत डेंग्यू 77 टक्क्यांनी, तर त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 86 टक्क्यांनी कमी होते. येथे डासांची संख्या घटवणे हा हेतूच नव्हता, त्यांची विषाणू पसरवण्याची क्षमता घटवायची होती. म्हणजे ब्रेटो निर्देशांकाला हे यश दिसलेच नसते.

अशा चाचणीला वर्षे आणि मोठा खर्च लागतो, शिवाय माणसे व डास सीमा ओलांडत असल्याने परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. तरीही नव्या उपायावर सार्वजनिक पैसा खर्चण्यापूर्वी मी रुग्णांचीच मोजणी मागेन; अळ्यांची पाहणी रोजच्या कामाच्या देखरेखीसाठी ठेवावी.